लाल पट्ट्यातला मुलगा

मंगळवारी सकाळी सव्वाआठ वाजता भाऊ आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला चाकांच्या खुर्चीत बसवून हाडांच्या तपासणी विभागात घेऊन आला. मुलाचे दोन्ही पाय धडधाकट होते.

"काय झालं याला?" बहिणीने विचारलं.

"लिफ्ट बंद आहे," भाऊ म्हणाला. त्याला धाप लागली होती. "उतारावरून ढकलत आणलं. दोन मजले."

"ते नाही विचारलं मी."

"आत्या, मला चालता येतं," खुर्चीतला मुलगा म्हणाला. "मी रस्ताभर हेच सांगतोय."

बहीण त्या विभागात अकरा वर्षं हाडांची घनता मोजणारं मशीन चालवत होती. विभाग फक्त लहान मुलांचा. रोज सकाळी पहिलं मूल यायच्या आत ती कपाटातून प्लास्टिकचा एक ठोकळा काढायची. त्यात मणक्यांसारखे चार तुकडे बसवलेले होते. ठोकळ्याची घनता काल होती तेवढीच आज आली, तरच मशीन खरं बोलतंय असं धरायचं. आकडा वहीत लिहायचा, खाली सही करायची, मग दार उघडायचं. अकरा वर्षांत एकही सही राहिलेली नव्हती. आजची सही अजून ओली होती आणि सख्खा भाऊ नंबर न लावता दारात उभा होता.

सहा महिन्यांपूर्वी फुटबॉल खेळताना भाच्याचं मनगट मोडल्याचं तिला माहीत होतं. त्यानंतर दोनदा फोन झाला. दोन्ही वेळा भाऊ "बरा आहे, बरा आहे" म्हणाला आणि विषय बदलला. आता त्याच्या हातात प्लास्टिकची फाईल होती आणि ती तो दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा होता.

"प्लास्टर काढलं तेव्हा तिथला डॉक्टर म्हणाला, एकदा हाडं तपासून घ्या. घेतली. पूर्ण शरीराची." त्याने फाईल पुढे केली. "तुला उगाच घोर नको म्हणून बोललो नाही."

तिने पहिलं पान काढलं. मणक्याचं राखाडी चित्र, शेजारी आलेख. आलेखात हिरवा, पिवळा, लाल असे तीन पट्टे आणि लाल पट्ट्यात अगदी तळाशी एक काळी फुली. खाली ठळक अक्षरांत: टी-स्कोअर उणे तीन पूर्णांक दोन. त्याच्याखाली: ऑस्टिओपोरोसिस, तीव्र.

तिने पान उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं, आणि टेबलावर ठेवून त्यावर हात ठेवला.

"हे कुठे काढलंस?"

"चौकातल्या मोठ्या सेंटरमध्ये. चांगलं आहे. बाहेर माशांची टाकी आहे."

"हा टी-स्कोअर आहे."

"वाचता येतं मला."

"टी-स्कोअर म्हणजे तिशीतल्या धडधाकट माणसाच्या हाडांशी तुलना. चौदा वर्षांच्या पोराची तिशीच्या माणसाशी कोण तुलना करतं?"

"सेंटर करतं," भाऊ म्हणाला. "छापून दिलंय."

तिच्या टेबलामागच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला ती तो बोट ठेवून वाचायला लावायची: 'मुलांना मोठ्यांच्या तक्त्यावर मोजू नये.' अक्षर तिचंच होतं. कागदाच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या, चिकटपट्टी तीनदा बदलून झाली होती, आणि दर सहा महिन्यांनी कुणीतरी नवा येऊन तीच चूक करायचा. पण ती चूक आपल्याच घरात चार महिने पाहुणी म्हणून राहिली असेल, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"मग आज कशाला आलास?"

"गुरुवारी इंजेक्शन आहे. हार्मोनचं. दर तीन आठवड्यांनी एक, सहा महिने. हाडं भरून येतात आणि उंचीही वाढते, असं तिथले डॉक्टर म्हणाले. पण सुरू करायच्या आधी ताजा रिपोर्ट लागतो आणि त्यांचं मशीन बिघडलंय." तो थोडा थांबला. "तू एक छापून दे. बाकीचं आम्ही बघतो."

बहिणीला राग पटकन येत नसे. तिला वैताग यायचा, आणि वैताग आला की ती आणखी हळू बोलायची.

"उठ रे," ती भाच्याला म्हणाली. "चपला काढ. काट्यावर उभा राहा."

"हळू," भाऊ म्हणाला. "काटा चार इंच उंच आहे."

भाचा बापाकडे न बघता काट्यावर चढला. एकोणचाळीस किलो. सेंटरच्या कागदावर चार महिन्यांपूर्वीचे चौतीस लिहिले होते. उंची एकशे बेचाळीस सेंटिमीटर. त्याच्या वयाची बरीचशी मुलं एव्हाना एक वीत पुढे गेलेली असतात. चेहरा गोल झाला होता, पोटावर शर्टाची गुंडी ताणली होती, आणि गळ्यातून येणारा आवाज अजून पूर्णपणे लहान मुलाचा होता.

"पाच किलो," ती म्हणाली. "करता काय तुम्ही याचं?"

भाऊ बोलायच्या आत भाच्यानेच सांगायला सुरुवात केली. तो आकडे वाचल्यासारखा बोलत होता. फुटबॉल बंद. सायकल बंद. जिने बंद; बाबाने शाळेत अर्ज देऊन अख्खा वर्ग तळमजल्यावर आणायला लावला. पलंगावरून पडेन म्हणून गादी जमिनीवर. मधल्या सुट्टीत मी ग्रंथालयात बसतो. सकाळी दूध, दुपारी दूध, संध्याकाळी दूध, मध्ये बदाम, झोपताना तूप घालून दूध. आईने माझ्या दप्तराला चाकं लावून घेतली.

"काळजी करायची नाही का मग?" भाऊ म्हणाला. "काचेचं भांडं आहे ते."

"ते म्हणजे मी," भाचा म्हणाला.

तिने त्याला मशीनच्या टेबलावर निजवलं, पायांखाली स्पंजचा चौकोनी ठोकळा दिला, पाय सरळ रेषेत आणले. पँटची चेन धातूची होती. तिने कपाटातून नाडीची पँट काढून दिली. आईबापांना फोनवर चेन नको, बक्कल नको असं दहादा सांगितलं तरी ती धातूंनी मढवलेली मुलं घेऊन येतात. भावाला सांगायची तर संधीही मिळाली नव्हती. मशीनचा हात भाच्यावरून सरकत गेला. सहा मिनिटं तो गप्प पडून राहिला. छताकडे बघत त्याने फक्त एकदा विचारलं, "आत्या, चौदाव्या वर्षी हाड मोडलं म्हणजे म्हातारपण का?"

"नाही. या वयात लांबी आधी वाढते, भरणा मागून येतो. मनगट मोडलेली मुलं माझ्याकडे रांगेने येतात. बोलू नकोस, चित्र हलतं."

सातव्या मिनिटाला आकडे आले. ते ती बघू शकत होती. त्यावरून निदान लिहायचा अधिकार तिचा नव्हता. ते हार्मोनच्या डॉक्टरबाईंचं काम, आणि बाई दहाला येणार होत्या. पण भावाला तोपर्यंत धीर नव्हता.

"लाल आहे का?"

तिने विचार केला, आणि अकरा वर्षांत न केलेली एक गोष्ट केली. त्या तपासणीची एक प्रत तिने सरावाच्या फाईलमध्ये घेतली आणि पडदा भावाकडे वळवला.

"हे बघ. हाड तेच, चित्र तेच. आता मी याला मोठ्यांच्या तक्त्यावर टाकते." फुली लाल पट्ट्यात गेली. "आता याच्या वयाच्या मुलांच्या तक्त्यावर." फुली पिवळ्या पट्ट्यात वर सरकली. "आता याची उंची हिशेबात धरते. लहान अंगाच्या मुलाचं हाड आकाराने लहान, म्हणून मशीनला ते पातळ वाटतं. ती चूक वजा करायची." फुली हिरव्यात जाऊन बसली. "कळलं?"

भावाने पडद्याजवळ तोंड नेऊन तिन्ही रंग निरखले.

"म्हणजे तुम्ही हवा तो रंग काढून देता," तो म्हणाला.

तिने डोक्याला हात लावला. टेबलावरून भाचा फिस्सकन हसला आणि मग शहाण्यासारखा गप्प झाला.

भाऊ पुठ्ठ्याची खोकी छापणाऱ्या छापखान्यात रंग तपासायला होता. दिवसभर दिव्याखाली उभं राहायचं, छापून आलेल्या खोक्यावर नमुन्याचं कार्ड ठेवायचं, आणि रंगात केसाएवढाही फरक दिसला की यंत्र थांबवायचं. त्याच्यामुळे गाड्याच्या गाड्या परत गेलेल्या होत्या. कामावर त्याला सगळे वचकून असत. बहिणीला वाटलं, याच्याशी याच्याच भाषेत बोलावं.

"औषधाच्या खोक्याचं कार्ड धरून तू बिस्किटाचा पुडा तपासलास तर?"

"लॉट रद्द होईल."

"पुडा वाईट म्हणून?"

"नाही. कार्ड चुकीचं म्हणून." बोलता बोलता तो थांबला. त्याने फाईलमधलं पान पुन्हा बघितलं. आपल्या कामातली चूक दुसऱ्याच्या कामात दिसावी तसं त्याचं तोंड झालं. "पण त्यांना कळू नये? कुठलं कार्ड धरायचं ते?"

"तिथे दिवसभर पन्नाशीच्या पुढच्या बायका येतात. ऑपरेटरचा हात रोज त्याच बटणावर जातो. हाही आला, त्याने तेच बटण दाबलं. तू रंगाचा माणूस, तुझं लक्ष रंगावर गेलं. वय कुणी बघितलंच नाही."

"गाढव आहेत," भाऊ म्हणाला.

"दुसरं पान वाचलंस का तू?"

वाचलं नव्हतं. दुसऱ्या पानावर शरीराची फोड होती: चरबी किती, स्नायू किती. तिने जुने आणि आजचे आकडे शेजारी शेजारी लिहिले. दोन वेगळ्या मशीनचे आकडे असे तंतोतंत जुळवायचे नसतात, हेही तिने बजावून सांगितलं, कारण ती अर्धवट बोलत नसे. पण फरक एवढा होता की मशीनच्या माथी मारता येत नव्हता. वाढलेले पाचच्या पाच किलो चरबीचे होते. स्नायू वाढायच्या वयात किंचित उतरले होते.

"हाडाला ओढणारा स्नायू असतो," ती म्हणाली. "स्नायू ओढतो म्हणून हाड भरतं. पळताना, उड्या मारताना. तुम्ही तेच बंद केलंत आणि वरून तूप ओतलंत. त्याची हाडं चांगली होती. असंच वर्षभर सांभाळलंत तर तो कागद खरा करून दाखवाल."

एवढं बोलून झाल्यावर भाऊ वरमेल, निदान खुर्चीवर बसेल, असं तिला वाटलं होतं. तो उभाच राहिला.

"ठीक आहे. हाडांचं चुकलं असेल. पण उंची? तीही कार्डामुळे? वर्गातल्या मुलींच्या खांद्याला लागतो हा. इंजेक्शन त्याचंही आहे. गुरुवारचं मी रद्द करणार नाही."

भाच्याने डोळे मिटून घेतले.

बहिणीने फाईल उचलली आणि उरलेले कागद चाळायला घेतले, खरं तर भावाच्या तोंडाकडे बघायला लागू नये म्हणून. शेवटी सेंटरचा प्रश्नांचा फॉर्म होता. मुलाला दमा? नाही. गोळ्या चालू? नाही. मग एक ओळ: 'कुटुंबात कुणी उशिरा वयात आलं होतं का? वडील, काका, मामा?' पुढे भावाच्या छापील वळणाच्या अक्षरात, इतर उत्तरांपेक्षा थोडं ठसठशीत: नाही.

तिने ते दोनदा वाचलं.

"जरा बाहेर ये," ती म्हणाली.

बाहेरच्या बोळात भिंतीला बाकडी लावलेली होती. एका बाकावर एक आजोबा नातवाचा मोजा शोधत बसले होते. ती भावाला खिडकीपर्यंत घेऊन गेली आणि फॉर्म त्याच्या नाकासमोर धरला.

"हे काय लिहिलंस?"

"काय?"

"बारक्या," ती म्हणाली.

त्या नावाने त्याला गेल्या पंचवीस वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. ती त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी होती. तिने सगळं बघितलं होतं. दहावीपर्यंत बसचा कंडक्टर त्याला न विचारता अर्धं तिकीट द्यायचा. घरचा फोन त्याने उचलला की पलीकडचा माणूस म्हणायचा, बाळ, आईला बोलाव. शाळेच्या फोटोत तो दरवर्षी पहिल्या रांगेत, मुलींच्या पुढे, मांडी घालून. साडेसोळाव्या वर्षी त्याचा आवाज फुटला, आणि पुढच्या दोन वर्षांत तो असा वाढला की आई दर दोन महिन्यांनी पँटच्या मोहऱ्या उसवायची. आता तो पाच फूट दहा इंच होता आणि दारातून जाताना उगाचच मान झुकवायचा.

"मी विसरलो होतो," भाऊ म्हणाला.

"सोळा वर्षं विसरलास?"

"हळू बोल."

"तुझ्यासारखाच आहे तो. तंतोतंत. एवढं एक 'हो' लिहिलं असतंस तर कुठल्याही शहाण्या डॉक्टरने आधी वाट बघायला सांगितलं असतं."

"म्हणूनच नाही लिहिलं." त्याने खिडकीच्या गजावर हात ठेवला. "वाट बघा. मला पण हेच सांगायचे सगळे. बाबा, आई, शाळेतले सर. होईल, वाट बघ. तुला माहीत नाही ताई, ती वाट कशी बघायची असते. कपडे बदलायच्या खोलीत मी शेवटी जायचो, सगळे गेल्यावर. खेळाच्या तासाला पोट दुखतं म्हणायचो. तीन वर्षं माझं पोट दुखत होतं."

ती पोटदुखी खोटी होती हे तिला खरंच माहीत नव्हतं. घरी त्याला ओव्याचं पाणी मिळायचं.

"याचंही सुरू झालं होतं," भाऊ म्हणाला. "त्याला वर्गात काय म्हणायचे माहितीये? पेनाचं टोपण. मनगट मोडलं, तो रिपोर्ट आला, मी शाळेत जाऊन दाखवला. दुसऱ्या दिवसापासून सगळं बंद. मॅडमनी वर्गाला बजावलं, त्याला आजार आहे, त्याला कुणी बोलायचं नाही. आजार असला की औषध असतं, ताई. लोक नीट वागतात. माझ्यावर गेलाय म्हटलं तर त्याला काय मिळणार? वाट."

"तुला तो कागद आवडला," ती सावकाश म्हणाली.

मागे आजोबांना मोजा सापडला. तो त्यांच्याच खिशात होता.

डॉक्टरबाई दहा वाजून पाच मिनिटांनी आल्या. बुटक्या, जाड भिंगांच्या, दिवसाला तीस मुलं बघणाऱ्या. त्यांनी सेंटरचा कागद बघितला, "पुन्हा तेच" असं पुटपुटून बाजूला ठेवला, आणि भाच्याला पडद्याआड नेऊन तपासलं. मग त्याच्या डाव्या हाताचा एक्स-रे काढून आणायला लावला. अर्ध्या तासाने ते चित्र दिव्यावर लागलं. हात साडेअकरा वर्षांच्या मुलाचा वाटत होता.

"वय चौदा, हाडं साडेअकराची," बाई म्हणाल्या. त्या बापाशी कमी आणि मुलाशी जास्त बोलत होत्या. "ही वाईट बातमी नाही. हाडांच्या टोकांना वाढीची जागा असते. तुझी अजून सगळी उघडी आहे. शरीरातली हार्मोन्स कामाला लागली की तू वाढशील, मग ती जागा आपोआप बुजते. हाडाचा भरणाही तेव्हाच जोरात होतो. तुझी हार्मोन्स अजून कामाला लागायची आहेत, एवढंच."

"आणि बाहेरून दिली तर?" भाच्याने विचारलं.

"कधी कधी देतो आम्ही. थोडी, मोजून, दर वेळी एक्स-रे बघून. हाडं कमजोर आहेत म्हणून नाही." त्यांनी गुरुवारच्या इंजेक्शनची चिठ्ठी बोटाने सरकवली. "एवढा डोस सहा महिने घेतलास तर तू वर्षभर वर्गात सगळ्यांत झपाट्याने वाढशील. नंतर ती जागा बुजेल आणि तू तिथेच थांबशील. बाकीचे पुढे जातील. ते परत उघडता येत नाही."

भाऊ चिठ्ठीकडे बघत होता.

"आता मला एक सांगा." बाईंनी आपला फॉर्म पुढे ओढला आणि पेन उघडलं. "अशी मुलं बहुतेक वेळा कुणावर तरी गेलेली असतात. तसं असेल तर सहा महिने नुसतं लक्ष ठेवू. तसं कुणीच नसेल तर मला वेगळं कारण शोधावं लागेल. रक्ताच्या बऱ्याच तपासण्या, मेंदूचा फोटो. वडील कधी वाढले?"

बहीण दाराशी उभी होती. उत्तर तिच्या जिभेवर होतं, आणि ते आपण द्यायचं नाही हेही तिला कळत होतं.

"नॉर्मल," भाऊ म्हणाला.

बाईंचं पेन कागदाला टेकलं.

"अजून लिहू नका, बाई," बहीण म्हणाली. "त्याला आठवतंय."

भावाने तिच्याकडे असं बघितलं की लहानपणी एवढ्यावर मारामारी झाली असती. बाईंनी पेन उचललं. भाचा तपासणीच्या उंच टेबलावर पाय लोंबकळत बसला होता. तो बापाकडे वळला.

"नॉर्मल म्हणजे किती, बाबा?"

"असं नेमकं काही नसतं."

"बाबा."

भाऊ खाली बघून बोलला. "साडेसोळा."

"काय साडेसोळा?"

"साडेसोळाव्या वर्षी आवाज फुटला. त्यानंतर उंची. बारावीत. त्याआधी मी..." त्याने हात छातीच्या थोडा खाली धरून दाखवला. "एवढा. तुझ्यापेक्षाही थोडा कमीच."

बाईंनी लिहून घेतलं. बहिणीला वाटलं होतं, भाच्याचा चेहरा खुलेल. तो खुलला नाही.

"चार महिने मी जमिनीवर झोपतोय," भाचा म्हणाला.

"हाडांचं मला खरंच माहीत नव्हतं रे. कागदावर तसंच होतं."

"उंचीचं माहीत होतं."

भावाने गुरुवारच्या चिठ्ठीची घडी घातली.

"मला रात्री भीती वाटायची," भाचा म्हणाला. त्याचा बारीक आवाज आणखी बारीक झाला होता आणि त्याचा त्यालाच राग येत होता. "कुशीवर वळलं तर काहीतरी मोडेल म्हणून. मला वाटायचं मी असाच राहणार आणि वर मोडत राहणार. तू नुसतं सांगितलं असतंस ना, मी पण असाच होतो म्हणून. एवढंच. मी काय शाळेत जाऊन सांगणार होतो का?"

"मला वाटलं, तुला वाईट वाटेल. माझ्यावर गेलाय म्हणून."

"तू पाच फूट दहा आहेस, बाबा," भाचा म्हणाला. अगदी मठ्ठ मुलाला समजवावं तसा.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला. त्यांनी कागदावर लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं: रोज पळणं, उड्या, खेळ. दूध एक पेला. तूप नको. जिने चढायचे. सहा महिन्यांनी पुन्हा मोजणी, इथेच, याच मशीनवर. आणि गुरुवार रद्द, तोही आत्ता, घरी गेलात की विसराल म्हणून.

"मी विसरत नाही," भाऊ म्हणाला.

"तुमची ख्याती ऐकली आत्ताच," बाई म्हणाल्या आणि पुढच्या मुलाचं नाव पुकारायला सांगितलं.

तिघं बोळात आले. भावाने फोन लावला. पलीकडून आधी गाणं वाजलं, मग एक दाबा, दोन दाबा झालं, मग पुन्हा गाणं, आणि तिसऱ्यांदा लावल्यावर एक मुलगी बोलली. आवाज मोठा होता. शेजारी उभ्या असलेल्या दोघांना सगळं ऐकू येत होतं.

"गुरुवारची वेळ रद्द करायची आहे."

"पुढची कोणती देऊ, सर?"

"पुढची नको. इंजेक्शनच नको."

"पूर्ण कोर्स रद्द?" टकटक आवाज आला. "कारण सांगावं लागेल, सर. त्याशिवाय सिस्टिम पुढे जात नाही. दुसरीकडे उपचार, बाहेरगावी जाणार, की रुग्ण बरा झाला?"

"रुग्ण नाहीच आहे," भाऊ म्हणाला.

"रुग्ण बरा झाला, टाकू का?"

"अहो, तो आजारीच नव्हता."

"तसं काही नाहीये यात, सर."

भावाने भाच्याकडे बघितलं. भाचा खिडकीला पाठ लावून उभा होता, हाताची घडी घालून, आणि त्याची नजर बापावरून हलत नव्हती. बोळातली बाकडी आता भरली होती. सहासात आया, दोन बाप, एक आजी. सगळ्यांचे कान इकडेच होते.

भावाने घसा साफ केला.

"लिहा," तो म्हणाला, गरजेपेक्षा थोड्या मोठ्याने. "मुलगा बापावर गेलाय."

पलीकडची टकटक थांबली.

"तो पर्याय नाहीये, सर."

"इतरमध्ये घालायला सांग," भाचा म्हणाला.

"इतरमध्ये घाला," भाऊ फोनवर म्हणाला. "पण हेच लिहा. आणि लिहिलेलं एकदा वाचून दाखवा मला."